टॅक्सीत ‘मी कुणाचाच नाही’ म्हणण्याआधी

नमस्कार मंडळी, इंदूरहून. सराफा भरायला लागला की सुरू करावा असा गेम आज घेतलाय: ‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स’, 2004 सालचा रोल-प्लेइंग कॉम्प्युटर गेम. यात आपणच लॉस एंजेलिसमधला एक व्हॅम्पायर असतो. शेवट उघड करणार आहे. खेळून व्हायचा असेल तर इथेच थांबा.

शेवटाकडच्या ग्रिफिथ पार्कच्या टप्प्यानंतर टॅक्सीवाला विचारतो, कुणाकडे जायचं? म्हणजे व्हॅम्पायरांच्या भांडणात बाजू कुणाची घ्यायची. अनार्क (बंडखोर व्हॅम्पायर) किंवा स्ट्रॉस (जादूगार व्हॅम्पायरांचा म्होरक्या) हवे असतील तर त्यांच्याशी आधीपासून जुळवून घेतलेलं असावं लागतं. ‘कुणाकडेच नाही’ हे उत्तर मात्र कुणालाही देता येतं. पण त्याची वसुली नंतर होते. लाक्रॉयची (शहरातल्या व्हॅम्पायरांचा प्रिन्स) बाजू घेतली तर शेवटी फक्त मिंग-शियाओशी (चायनाटाउनची म्होरकी) गाठ, मिंग-शियाओची घेतली तर फक्त शेरिफशी (लाक्रॉयचा अंगरक्षक). एकट्याच्या वाट्याला दोघंही, लागोपाठ.

इथेच गोडबोल्या पात्रांचं दिवाळं निघतं. सगळे पॉइंट पर्सुएशन (मन वळवणं) आणि सिडक्शनवर (भुरळ घालणं) घातले असतील तर मिंग-शियाओच्या टेम्पलमध्ये ते काडीच्या कामाचे नाहीत. हॉलिवूडला पोचलात की फायरआर्म्स (बंदुका) किंवा मेली (तलवारीसारखी जवळून लढायची शस्त्रं), दोन्हींपैकी एक धरा आणि वाढवत राहा. माझं मत विचाराल तर फायरआर्म्स. कारण पुढे येतंच.

ग्रिफिथ पार्कला निघण्याआधी बाजारहाट उरका. सांता मोनिकाच्या क्लिनिकमध्ये वँडलकडून रक्ताच्या पिशव्या, डाउनटाउनच्या फॅट लॅरीकडून बंदूक आणि भरपूर गोळ्या. पैसे शिल्लक ठेवून उपयोग नाही. टॅक्सीत बसलात की उत्तर देण्याआधी वेगळा सेव्ह करा, क्विकसेव्ह (एका बटणाचा झटपट सेव्ह) नव्हे. त्यावर पुढचा क्विकसेव्ह बसतो आणि बाकीचे शेवट बघायचे राहून जातात.

आधी चायनाटाउनचं गोल्डन टेम्पल. मिंग-शियाओ रूप बदलून शुंडांचं धूड होते. अंतर ठेवा, एका जागी उभे राहू नका. सगळा साठा इथेच संपवला तर लाक्रॉयच्या व्हेंचर टॉवरमध्ये रिकाम्या हाताने शिराल, ही नेहमीची चूक. सगळे जिच्या मागे लागलेत त्या प्राचीन शवपेटीची किल्ली इथेच मिळते.

टॉवरच्या माथ्यावर शेरिफ. आधी तलवार घेऊन येतो, मग प्रचंड वटवाघूळ होऊन उडतो. हवेत असताना कटाना पोचत नाही, म्हणून म्हटलं बंदूक. गच्चीवरचे सर्चलाइट चालू करा, उजेडाने तो गडबडतो. तेवढ्यात मॅगझिन रिकामं करा.

मग लाक्रॉय आणि ती पेटी. आत कुणी प्राचीन व्हॅम्पायर नाही, जॅकने (सुरुवातीला तुम्हाला शिकवणारा व्हॅम्पायर) भरलेली स्फोटकं आहेत. तुम्ही उघडलीत तर तुम्हीही गेलात. पाठ फिरवून बाहेर पडा, लाक्रॉयला हाव आवरत नाहीच.