टॉवेलाच्या घड्या

पडद्यावर दिसणाऱ्या या आजींना आज वार कोणता, हे सांगता येत नाही. पण टॉवेलाची कड कडेला जुळवून, मधली सुरकुती तळहाताने मोडून त्यांनी घातलेली घडी मात्र चुकत नाही. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारात अलीकडच्या घटनांची स्मृती आधी निसटते, तर हातांच्या अंगवळणी पडलेली कामे पुष्कळदा उशिरापर्यंत टिकून राहतात. औषधाविना केल्या जाणाऱ्या उपचारांचा मोठा भाग या उरलेल्या क्षमतांवरच उभा आहे.

स्मृतिभ्रंश सौम्य ते मध्यम असताना गटाने घेतल्या जाणाऱ्या बौद्धिक चेतना उपचाराचा अभ्यास विशेष काटेकोरपणे झालेला आहे. आठवड्यातून 2 वेळा, अशी 7 आठवड्यांत 14 सत्रे होतात. त्यांत शब्दखेळ, जुन्या वस्तू आणि ताज्या बातम्या असतात. मात्र प्रश्न 'हे कोण?' असा परीक्षेचा नसून 'यांच्याविषयी तुम्हाला काय वाटते?' असा असतो, कारण मताला चूक ठरवता येत नाही. 2003 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा गटांतील व्यक्तींची आकलनशक्ती आणि जीवनमान या दोन्हींत सुधारणा आढळली. सुधारणा माफक होती, आणि मूळ आजार याने थांबत नाही, हेही सांगितले पाहिजे.

खरी कसोटी लागते ती संध्याकाळी. उजेड कमी होतो, खिडकीच्या काचेत आपलेच प्रतिबिंब परके वाटू लागते आणि 'मला घरी जायचे आहे' हा धोशा सुरू होतो. 'हे तुमचेच घर आहे' असे दहादा पटवून दिले तरी वाद तेवढा वाढतो. अशा वेळी दिवे लवकर लावावेत, पडदे ओढावेत आणि 'घरी कोण कोण असते?' असे विचारून बोलणे पुढे न्यावे. त्याआधी मात्र लघवी लागली आहे का, कुठे दुखते आहे का, श्रवणयंत्राचा सेल संपला आहे का, हे पाहून घ्यावे. पुष्कळदा अस्वस्थतेचे मूळ इतके साधे असते. ते न शोधता शांत करणाऱ्या गोळीकडे वळण्यात धोका आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारांवरील काही औषधांमुळे मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2005 मध्येच दिला होता.

ओळखीचे संगीत, रोजचे चालणे, दिवसाचा ठरलेला क्रम यांचाही उपयोग होतो. काळजी घेणाऱ्याला मिळणारे प्रशिक्षण आणि विश्रांती हासुद्धा उपचाराचाच भाग मानावा लागतो, कारण थकलेल्या माणसाला पाचव्यांदा आलेल्या प्रश्नाचे उत्तर शांतपणे देता येत नाही.

आजींच्या घड्या संपल्या आहेत. काही ठिकाणी हेच टॉवेल गुपचूप विस्कटून पुन्हा समोर ठेवले जातात, आणि वेळ निघून जातो. आमच्या मते ते कपाटात लावावेत, तेही आजींना सोबत घेऊन, आणि उद्या वापरावेत.