गप्प न बसणारा रिसीव्हर

दोन संगणकांत तारेविना निरोप पाठवण्यासाठी टेबलावर मांडलेला हा ट्रान्समीटर पाहून आपल्यापैकी काहींची निराशा झाली असेल. बोटाच्या पेराएवढी पट्टी, तिच्यावर 433.92 मेगाहर्ट्‌झचा रेझोनेटर (लहरीची वारंवारता पक्की राखणारा भाग), एकदोन ट्रान्झिस्टर आणि 17 सेंटिमीटरची तार, एवढाच हा ऐवज आहे. नागपूरच्या बर्डीवरून रिसीव्हरसकट ही जोडी मी आणली. या लहरीची लांबी सुमारे 69 सेंटिमीटर असते आणि तार तिच्या चौथ्या हिश्श्याची आहे. संगणकाकडून 1 आला की लहर सुरू करायची आणि 0 आला की बंद करायची, याहून अधिक काही हा ट्रान्समीटर करत नाही.

मग सिरियल पोर्टची, म्हणजे संगणकातून एकेक बिट बाहेर सोडणाऱ्या जोडणीची, तार थेट जोडली की काम झाले, असे मलाही वाटले होते. घरच्या दोन खोल्यांत दोन संगणक मांडले, आधी रिसीव्हरकडचा सुरू केला, आणि ट्रान्समीटरला वीजही दिलेली नसताना पडद्यावर निरर्थक चिन्हे धो धो कोसळू लागली. तासभर मी जोडण्याच तपासत बसलो. दोष त्यांत नव्हताच. लहर मिळाली नाही की हा रिसीव्हर आपला गेन, म्हणजे आलेला संकेत मोठा करण्याचे प्रमाण, वाढवत जातो आणि आसपासचा गोंगाटच 1 आणि 0 म्हणून पुढे करतो. गप्प बसणे त्याला ठाऊक नाही.

म्हणून प्रत्येक निरोपाआधी 1 आणि 0 एकाआड एक पाठवून त्याला स्थिरावू द्यावे लागते, त्यानंतर दोन्ही बाजूंनी ठरवलेली खुणेची दोन बाइट, मग लांबी, मजकूर आणि शेवटी सीआरसी, म्हणजे निरोप वाटेत बिघडला का हे ओळखण्यासाठी त्यातूनच काढलेला पडताळणीचा आकडा. मजकुरात सलग बरेच 1 आले तर 1 आणि 0 यांच्यातली सीमारेषा सरकते, त्यामुळे मँचेस्टर पद्धतीने प्रत्येक बिटाचे दोन विरुद्ध अर्धे करून पाठवतात. सेकंदाला 2000 अर्धे पाठवले तर हाती 1000 बिट, म्हणजे 125 अक्षरे, येतात. फोटो पाठवायचा विचार सोडून द्यावा.

सीआरसीची किंमत मला मे महिन्यात कळली. कूलरचे बटण दाबताना उडणारी ठिणगीही एखादा निरोप नासवत असे. पोच आली नाही तर निरोप पुन्हा पाठवावा, पण दोघांचे निरोप एकमेकांवर आदळल्यावर दोघेही एकाच क्षणी पुन्हा बोलू लागले तर तीच टक्कर पुन्हा होते, म्हणून प्रत्येकाने वेगवेगळा, अनिश्चित वेळ थांबावे. 1971 मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहानेट या संगणकांच्या रेडिओ जाळ्याने हीच युक्ती वापरली होती. तिच्यात वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर 18 टक्के उपयोगी पडते, पण दोन खोल्यांसाठी तेवढे पुष्कळ झाले.

अंतर वाढवायचे म्हणून या पट्टीला अँप्लिफायर लावू नये. आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्‌झ हा पट्टा 2005 पासून, ठरलेल्या अटींत, एक वॉटपर्यंत परवान्याविना खुला आहे; त्यातलेच मॉड्यूल घ्यावे.

आता मागच्या रांगेतल्या कोणीतरी कूलरचे बटण दोनतीनदा दाबावे. फेरपाठवणीचा आकडा वाढतो का, ते सगळ्यांनी पडद्यावर पाहावे.