वेळेआधी जन्म आणि आठवीचं गणित

आठवीतलं मूल गणिताच्या पेपरला घाबरतं म्हटलं, की आपण सगळे त्याचा आत्मविश्वास वाढवायला निघतो. ते मूल 32 आठवडे भरण्याआधी जन्मलेलं असेल तर मी म्हणेन, आधी त्याची वही उघडा. भीतीचं नंतर पाहू.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1987 ते 1989 या काळात नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. त्यात पूर्ण दिवसांची पण कमी वजनाची बाळंही होती. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक सामान्य मर्यादेत होता, तरी तुलनेच्या मुलांहून कमी होता. नजर आणि हात यांचा मेळ, वाचन, गणित इथे अडचणी दिसल्या. ‘हुशार आहे, पण गणितातच का अडतो?’ हा पालकांचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात 32 आठवड्यांआधी जन्मलेली 8 ते 10 वर्षांची मुलं तपासली होती. त्यांच्या अडचणीचं मूळ संख्यांच्या जाणिवेत सापडलं नाही. ते सापडलं वर्किंग मेमरीत, म्हणजे काम चालू असताना माहिती डोक्यात धरून ठेवण्याच्या क्षमतेत, आणि आकृती-जागा यांच्या आकलनात. म्हणून याला सरसकट डिसकॅल्क्युलिया, म्हणजे संख्या समजण्यातलीच मूळची अडचण, म्हणू नये.

आता हे समीकरण घ्या: 3(x − 2) − 2(x − 5) = 9. मुलाने उत्तर काढलं, 25. बरोबर उत्तर 5. चूक कुठे झाली? दुसरा कंस सोडवताना + 10 ऐवजी − 10 लिहिलं गेलं. शिक्षक लाल शेरा मारतात, ‘चिन्हांचे नियम पाठ करा’. त्याऐवजी कोऱ्या कागदावर नुसतं (−2) × (−5) विचारा. इथे + 10 आलं, तर नियम त्याला येतो. समीकरणात मात्र पहिल्या कंसाचं उत्तर, मधलं वजा, पुढची पायरी हे सगळं एकदम धरताना चिन्ह निसटलं. अशा मुलाला त्याच प्रकारची आणखी चाळीस गणितं देणारा क्लास फारसा उपयोगाचा नाही. कोऱ्या कागदावरही − 10 आलं, तर मात्र नियमच शिकवायला हवा.

भीती येते ती याच जागेत. 2001 मध्ये मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना काही अक्षरं लक्षात ठेवून बेरजा करायला सांगितल्या. अक्षरं जास्त आणि बेरजेत हातचा असला, की गणिताला घाबरणाऱ्यांच्या चुका विशेष वाढल्या. काळजीही वर्किंग मेमरीतच जागा अडवते. ज्याची जागा मुळातच कमी, त्याचं नुकसान सहज समजण्यासारखं आहे. त्यातून ही मुलं बहुधा वर्गात दंगा करत नाहीत. गप्प बसतात, आणि लक्षात येत नाहीत.

करायचं काय? एका पानावर तीन-चारच गणितं. प्रत्येक कंस वेगळ्या ओळीत सोडवायचा, चिन्हाला आधी गोल करायचा, मग गुणायचं. पायरी ‘तोंडी झाली’ म्हणून गाळायची नाही. गणितात हुशार शिक्षकांना हेच सर्वांत जड जातं. उभ्या मांडणीसाठी चौकटीची वही, एका चौकटीत एकच अंक. भूमितीत आकृती शिक्षकांनी काढून द्यावी. गणितात दिलेली मापं मुलाने तिच्यावर लिहावीत आणि मगच प्रमेय आठवावं. पाढ्यांचा तक्ता समोर असू द्या. कॅल्क्युलेटरने गुणाकार सुटेल, पण पायऱ्यांचा क्रम मुलालाच सांभाळावा लागेल. घड्याळ लावून तोंडी पाढे विचारणं या मुलांपुरतं बंदच करा. वेग पाहायचाच असेल, तर पूर्ण येणाऱ्या प्रकारावर आणि मुलाला एकट्याला घेऊन पाहा. आधार काढतानाही एका वेळी एकच काढा: तक्ता गेला तर चौकटीची वही राहू दे.

कागदपत्रांचं थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते, त्यात डिसकॅल्क्युलियाही आहे. अकाली जन्म हे स्वतंत्र कारण म्हणून नाही. परीक्षेतल्या सवलतीसाठी तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं. शाळेच्या अर्जात जन्मतारीख विचारतात, आठवडे सहसा विचारत नाहीत. तेव्हा मानसशास्त्रज्ञांकडे जाताना बाळंतपणानंतरचं डिस्चार्ज कार्ड न्या, आणि नुसत्या बुद्ध्यांकावर न थांबता वर्किंग मेमरीची चाचणी वेगळी मागा.