भात कुणाला विचारून वाढला

नमस्कार मंडळी. दूध डेअरीला घालून झालं असेल, दुसरा चहा हातात असेल. बसा निवांत. आज शिक्क्याबद्दल बोलायचंय.

आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यावर मार्का मारतात ना, तसला शिक्का. पोतं फाटतं, पण मार्का जात नाही. माणसालाही आपण असाच मार्का मारतो. लंगडा. बहिरा. खुळा. छक्का. आणि ‘त्या वस्तीतला’. इंग्रजीत याला स्टिग्मा म्हणतात. मूळ ग्रीक शब्द आहे, अर्थ अंगावर उमटवलेली खूण. पुस्तकी मराठीत कलंक म्हणतात. तो शब्द मला नाटकातला वाटतो, म्हणून मी शिक्काच म्हणणार.

एक लक्षात ठेवा. शिक्का दोन ठिकाणी बसतो. आधी बाहेरून बसतो, मग आत बसतो. लोक बोलतात तो बाहेरचा. लोक गप्प असतानाही आपण स्वतःला जे ऐकवत बसतो, तो आतला. परत सांगतो, आधी बाहेरून, मग आत. झोप उडवणारा असतो तो आतला.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला आपल्या सरकारनं तो शिक्का पुसला. कागदावरचा पुसला. आजही गावात चोरी झाली की पहिली चौकशी कुठल्या पालावर होते, ते मी सांगायला नको. एका शाळेत मी बसलो होतो. वर्गात कुणाची तरी कंपासपेटी हरवली. गुरुजींनी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोवर पालावरच्या एका पोरानं आपलं दप्तर जमिनीवर उलटं केलं. कुणी मागितलं नव्हतं. आतला शिक्का म्हणजे हे.

आता माझ्या आतेभावाची गोष्ट. जुन्या श्रोत्यांना ती ठाऊक आहे, याच माइकवरून मी दोनदा सांगितलीय. आज तिसऱ्यांदा सांगतो, आणि का सांगतो तेही सांगतो.

आतेभाऊ माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला दादाच म्हणतो. गाव तासगावच्या बाजूला. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय गेला. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. चांगलंच झालं. पण ज्यांना आधीच झाला होता, त्यातली कितीतरी माणसं आता पन्नाशी-साठीत आहेत, आपल्यातच आहेत. दादाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. द्राक्षबागेचा भाग, रात्री-अपरात्रीचा लाइट, एक फेज गेला की मोटर जळालीच. त्यामुळे दुकानापुढं कायम चार-पाच मोटरी पालथ्या पडलेल्या.

तर त्या वर्षी, जत्रा दोन दिवसांवर, आणि गावच्या पाणीयोजनेची मोटर जळाली. घरोघरी पाहुणे आलेले, लेकी-जावई आलेले आणि नळाला थेंब नाही. सरपंच तासगावला पळाले, मिरजेला पळाले. सगळीकडून एकच उत्तर, आठ दिवस लागतील. मग कुणीतरी म्हणालं, आपल्यातलाच एकजण हाय की. रात्री नऊला ट्रॅक्टरमधनं मोटर दादाच्या दुकानात उतरवली. दादानं जळकी तार उपसून काढली. आपण विहिरीतला गाळ उपसतो ना, तशी. मग कागद घातला, नवीन कॉइल भरायला बसला. मी शेजारी बसून बॅटरी धरत होतो, कारण मध्येच लाइट गेला. तो वेढे मोजत होता, मनातल्या मनात, ओठ हलत होते. मी काहीतरी बोललो तर म्हणाला, गप, आकडा चुकंल. सकाळ झाली, दुपार झाली, परत रात्र झाली. वार्निश मारलं, बल्ब लावून वाळवलं, सिरीज लॅम्पवर तपासलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मोटर बसवली, स्टार्टर दाबला आणि टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. मंडळी, तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. जत्रेत दादाचा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. माइकवर सरपंच म्हणाले, एका पायानं अधू असून यानं गाव तारलं.

इथं मी गोष्ट संपवायचो. माझ्या मते ती फार झकास गोष्ट होती. ऐकणाऱ्यांची पत्रं यायची.

दुसऱ्यांदा सांगितली त्या रात्री दादाचा फोन आला. म्हणाला, “ऐकलं तुझं भाषण. बोलतोस चांगला. पण तू मोटर सांगितलीस, पंगत न्हाई सांगितलीस.”

मी विचारलं, कसली पंगत?

“सत्कारानंतरची. तुला आठवायची न्हाई. मला टेबलाच्या कडंला खुर्ची दिली, तू शेजारी. वाढप्या आला आणि तुला विचारलं, ह्यांना भात वाढू का? माझ्याकडं बघितलंबी न्हाई. आणि तू म्हणालास, वाढा थोडा.”

मला खरंच आठवत नव्हतं.

“मला भात नको होता,” दादा म्हणाला. “मला आणखी एक भाकरी पायजे होती. पण म्हटलं, गप खावा. शाल अंगावर हाय.”

थोडं थांबतो. पाणी पितो.

पंगतीचं निघालं म्हणून सांगतो, हल्ली बुफे आलाय तो त्याहून वाईट. एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात ताट, मग जिलेबी कुठल्या हातानं घ्यायची? धडधाकट माणसालाही उभ्यानं जेवणं शोभत नाही. कार्यालयाचं भाडं लाखात, आणि दारात सात पायऱ्या, रॅम्प नाही. असो. विषय भरकटला.

त्या फोनवर दादानं पुढचंही सांगितलं. सत्कारानंतर दोन वर्षं तो कुठल्या लग्नाला गेला नाही, बारशाला गेला नाही. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून काम करायचा. रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. जेवण तुटलं. घरात बोलायची सोय नव्हती, कारण घरचे म्हणायचे, एवढं नाव झालं, आता काय कमी हाय तुला? त्यालाही वाटायला लागलं, खरंच की, मीच नादान. आत्यानं दृष्ट काढली, अंगारा लावला. आत्याला मी दोष देत नाही, तिला तेवढंच माहीत होतं. मात्र भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधून मारणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. त्या कायद्यासाठी साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य घातलं.

शेवटी दादा आपला आपणच मिरजेला डॉक्टरांकडं गेला. घरी सांगितलं, तांब्याची तार आणायला चाललोय. पंधरा-पंधरा दिवसांनी तार आणायला जायचा. गोळ्या ठेवायचा बेअरिंगच्या रिकाम्या खोक्यात, वरच्या फळीवर. मी म्हटलं, दादा, लपवायचं कशाला? तर म्हणाला, “पाय लपवता येत न्हाई. गोळी येती. एक शिक्का आधीच हाय, दुसरा कोण मारून घेईल? उद्या लोक म्हणतील, ह्याला येरवड्याला न्या, आणि मोटर कोण देईल खुळ्याकडं?”

आता माहिती सांगतो, वेळ थोडा आहे. २०१५-१६ साली देशात मानसिक आरोग्याची मोठी पाहणी झाली. त्यात आढळलं, की आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत. डॉक्टर कमी आहेत हे एक कारण. खोक्यात गोळ्या लपवाव्या लागतात हे दुसरं. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. त्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. मानसिक आजार तर आधीच्या सातांतही होता. चारचौघांत अपंग माणसाचा मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. पारावर बसून नकला करणाऱ्यांनी ऐकलं ना? सहा महिने ते पाच वर्षं.

आणि एक नंबर. पेन नसेल तर कॅलेंडरवर कोळशानं लिहा. १४४१६. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची फुकट फोनसेवा, २०२२ पासून चालू आहे. मराठीत बोलता येतं, रात्री तीनलाही बोलता येतं. परत सांगतो, एक-चार-चार-एक-सहा.

आपल्या जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. पासष्टच्या लढाईत गोळ्या लागल्या, आणि १९७२ साली जर्मनीत पॅरालिम्पिकला ५० मीटर पोहण्यात देशाचं पहिलं सुवर्ण त्यांनी आणलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला. ४६ वर्षांनी. आटपाडीकडच्या करगणीचे सचिन खिलारी, २०२४ ला पॅरिसला गोळाफेकीत रौप्य. अभिमान आहेच. पण दादा म्हणतो, टीव्हीवर हे दिसलं की चार माणसं दुकानात येऊन सांगतात, बघ, त्यांनी करून दाखवलं. “आरं, तुझ्या दोन पायांनी तू काय करून दाखवलंस, ते कोण विचारतंय का?” दादाचा हा प्रश्न मी अजून कुणाला विचारलेला नाही. मला तर पोहताही येत नाही.

परवा पुतण्याच्या लग्नात आम्ही परत शेजारी बसलो होतो. दादा यायला लागलाय आता. गोळ्यांचं खोकं खालच्या फळीवर आलंय, गल्ल्याशेजारी. वाढप्या पोरगा आला, पातेलं घेऊन माझ्याकडं वळला आणि म्हणाला, काका, ह्यांना मसालेभात? मी तोंडात जिलेबी कोंबून वर पंख्याकडं बघत बसलो. पोरगं घोटाळलं. दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. दादा म्हणाला, “मला विचार की लेका. वाढ. आणि ह्यांना नको, ह्यांना शुगर हाय.”

काचेपलीकडनं खुणा चालल्यात, वेळ संपली. मोटर आजही लांबलीच. आज रात्री परत फोन येणार. नमस्कार.