तिसरी खुर्ची

मित्रहो, पत्रिकेत विषय ‘वकिलांचं स्वशासन’ असा छापला आहे. एवढ्या मोठ्या विषयातली एकच गोष्ट मनात धरून मी आलो आहे. बार कौन्सिल म्हणजे वकिलांना सनद देणारी आणि त्यांच्यावरच्या तक्रारी ऐकणारी वकिलांचीच संस्था. तिच्या शिस्तपालन समितीत तीन खुर्च्या असतात, आणि त्यांतली तिसरी वकील नसलेल्या माणसाला मिळाली पाहिजे. तिथपर्यंत पोहोचायला थोडी वाट वाकडी करावी लागेल. पुढच्या रांगांत कोर्टातून थेट आलेले तरुण वकील दिसताहेत, बँड अजून गळ्यातच आहेत. त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत बसावं. मी जे मागणार आहे ते त्यांच्या सनदेची पत वाढावी म्हणूनच.

आधी थोडा इतिहास. इंग्रजांच्या काळात या धंद्यात जातीच होत्या म्हणा ना. बॅरिस्टर वेगळे, हायकोर्टाचे वकील वेगळे, खालच्या कोर्टातले प्लीडर वेगळे, मुखत्यार आणखी वेगळे. आणि सगळ्यांच्या सनदेची दोरी न्यायाधीशांच्या हातात. १९२६ च्या कायद्याने बार कौन्सिलं आली खरी, पण वकिलाला शिक्षा करायचा शेवटचा अधिकार हायकोर्टाकडेच राहिला. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, मग कायदेपंडित एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने या प्रश्नात लक्ष घातलं, आणि १९६१ साली ॲडव्होकेट्स ॲक्ट झाला. देशभर वकिलांचा एकच वर्ग राहिला. प्रत्येक राज्याची बार कौन्सिल, वर बार कौन्सिल ऑफ इंडिया. राज्य कौन्सिलचे सभासद वकिलांनीच मतदान करून निवडायचे. मतदार दहा हजारांच्या वर असतील तर २५ सभासद. सनद कौन्सिल देणार, वागणुकीचे नियम कौन्सिल करणार, आणि नियम मोडला तर चौकशीही तीच करणार. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष सेटलवाडच होते.

इतका अधिकार एका व्यवसायाच्या हाती का दिला, हे समजून घेतलं नाही तर माझं पुढचं बोलणं वकिलांविरुद्धचं वाटेल. उद्या सरकारने तुम्हाला स्थानबद्ध केलं, तुमची जमीन घेतली, तुमच्या मुलावर खोटा गुन्हा नोंदवला, तर तुमच्या बाजूने सरकारविरुद्ध कोण उभं राहणार? वकील. त्या वकिलाची सनद मंत्रालयातल्या एखाद्या टेबलावर अडकून पडणार असेल, तर उलटतपासणीत तो पोलीस अधिकाऱ्याला अवघड प्रश्न विचारेल का? म्हणून हे स्वातंत्र्य दिलं. ते मुळात अशिलाचं आहे. वकिलाने ते अशिलासाठी सांभाळायचं असतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने या कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा काढला. बार कौन्सिल ऑफ इंडियावर सरकारने आपले सभासद नेमायचे, असं त्यात होतं. देशभरचे वकील कामकाज सोडून रस्त्यावर आले आणि काही दिवसांतच मसुदा मागे गेला. मसुद्याला विरोध झाला तो योग्यच झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र त्या दिवसांत आपल्या घोषणांमध्ये अशिलाचं नाव फारसं ऐकू आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता ती मुंबईची गोष्ट. माझ्या हाताखाली जो कोणी शिकला त्याने ती ऐकलेली आहे, त्यांनी आज पुन्हा ऐकावी. मुंबईतल्या मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दारात काही वकील सकाळपासून उभे राहायचे. घाबरलेला, गोंधळलेला माणूस आत शिरताना दिसला की सगळे त्याच्याकडे धाव घ्यायचे. हा माणूस माझा म्हणून ओढाओढ, ढकलाढकली, एकमेकांच्या फीपेक्षा कमी फी सांगणं. हे लोण कधीकधी बारच्या वाचनालयापर्यंत जायचं. विचार करा, आदल्या रात्री भाऊ पकडला गेला आहे, आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढतो आहात, आणि काळे कोट घातलेली माणसं तुमच्या बाह्या धरून ओढताहेत.

१९६४ साली हायकोर्टाने ही गोष्ट महाराष्ट्राच्या बार कौन्सिलला कळवली. कौन्सिलने कातडी वाचवली नाही, हे आवर्जून सांगतो. शिस्तपालन समिती बसली, साक्षीपुरावा झाला, त्या वकिलांना दोषी धरलं गेलं. म्हणजे यंत्रणा चालली. पुढे अपील गेलं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या शिस्तपालन समितीकडे, म्हणजे पुन्हा वकिलांकडेच. तिने काय केलं? काम मागायला वकिलाने अशिलाकडे जाऊ नये असा आपला नियम आहे, नियम ३६. समितीने त्याचे तीन तुकडे केले: काम मागितलं पाहिजे, ते विशिष्ट माणसाकडे मागितलं पाहिजे, आणि विशिष्ट खटल्यासाठी मागितलं पाहिजे. तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या नाहीत, सबब सगळे निर्दोष! दारात उभं राहून जो येईल त्याच्यावर झडप घालणाऱ्याने कुठला विशिष्ट माणूस निवडलेला असतो? तो सगळ्यांवरच झडप घालतो. म्हणजे वागणूक जितकी सरसकट वाईट, तितकी सुटका सोपी.

महाराष्ट्राच्या कौन्सिलने हार मानली नाही, ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे प्रश्न निघाला की कौन्सिलला अपील करायचा हक्क तरी आहे का? वकील सुटला, यात कौन्सिलचं काय नुकसान झालं? त्यासाठी सात न्यायाधीशांचं पीठ बसलं. १९७५ मध्ये त्यांनी सांगितलं की हक्क आहे, कारण व्यवसायाची प्रतिष्ठा राखणं हे कौन्सिलचं कर्तव्य आहे आणि त्यामागे जनतेचं हित आहे. त्याच वर्षी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मूळ वादाचा निकाल लिहिला. वकिली हा व्यापार नव्हे, हे त्यांनी त्यात खडसावून सांगितलं आणि नियमाची ती तीन तुकड्यांची फोड साफ नाकारली. तरुण वकिलांनी तो निकाल मुळातून वाचावा.

१९६४ ते १९७५, अकरा वर्षं. आणि या अकरा वर्षांत सर्वांत विचित्र अर्थ लावला गेला तो कुठे? जिथे फक्त वकील बसले होते तिथे. त्या समितीत एखादी शाळामास्तरीण, एखादा बँकेतून निवृत्त झालेला माणूस बसला असता, तर त्याने एवढंच विचारलं असतं की साहेब, बाही ओढली की नाही? तो प्रश्न त्या खोलीत कोणी विचारलाच नाही.

याला जोडून आणखी एक. १९९४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या तत्कालीन अध्यक्षांनी अलाहाबाद हायकोर्टात न्यायाधीशांशी असभ्य वर्तन केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये त्यांना न्यायालयाच्या अवमानासाठी दोषी धरून तीन वर्षं वकिली करायला मनाई केली. १९९८ मध्ये घटनापीठाने मात्र ठरवलं की अवमानाच्या अधिकारात न्यायालय सनद निलंबित करू शकत नाही, तो अधिकार बार कौन्सिलचा. कायदा म्हणून ते बरोबर आहे. पण त्याने कौन्सिलच्या खांद्यावर केवढं ओझं आलं बघा. तिने काम केलं नाही तर दुसरं कोणी सहजी करणार नाही.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. सासरच्या जमिनीचा दावा, पुढची तारीख तोंडावर, आणि आधीचे वकील फाइल देईनात. ‘उरलेली फी आणा, मग कागद न्या.’ बाई म्हणाल्या, ‘साहेब, सातबारा माझा, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला माझा, मग ते अडवतात कसे?’ बरोबर होतं त्यांचं. फीसाठी अशिलाचे कागद अडवता येत नाहीत, तसं करणं व्यावसायिक गैरवर्तन आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं आहे. फी हवी तर वसुलीचा दावा करा. मी त्यांना बार कौन्सिलकडे अर्ज करायला सांगितलं. त्यांनी मला विचारलं, ‘तिथे कोण बसतं?’ मी म्हटलं, वकील. त्या काही बोलल्या नाहीत. अर्ज त्यांनी केला नाही. माझी ही सगळी तळमळ त्या शांततेतून आली आहे. समिती कदाचित अगदी निःपक्षपाती वागली असती. पण त्या दारापर्यंत बाईंचं पाऊलच पडलं नाही.

आणि आता दुसरं दारही बंद झालं आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक मंचात तक्रार करता येणार नाही. दिवाणी कोर्टात नुकसानभरपाई मागता येते, पण एका वकिलाने दमलेला माणूस दुसरा वकील लावून पहिल्यावर दावा करील, ही अपेक्षा जरा जास्तच. म्हणजे सामान्य माणसाच्या हाती उरली ती बार कौन्सिल.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली म्हणतात. मग मूळ मुद्दा भरभर मांडतो.

कलम ९ प्रमाणे शिस्तपालन समितीत तिघे असतात. दोघे कौन्सिलच्या सभासदांतून निवडलेले. तिसरा कौन्सिलबाहेरचा, पण तोही वकीलच, किमान दहा वर्षं सनद असलेला. म्हणजे बाहेरचा माणूस हवा, हे १९६१ मध्येच सुचलं होतं. फक्त बाहेर म्हणजे कौन्सिलच्या बाहेर, बारच्या बाहेर नव्हे. मी एक पाऊल पुढे टाकायला सांगतो. तो नेमायचा कोणी? सरकारने मुळीच नाही. हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींनी एक यादी करावी, त्यात निवृत्त शिक्षक, डॉक्टर, हिशेबनीस असावेत, आणि नावं पाळीपाळीने यावीत. दोन वकील समितीत राहतीलच, त्यामुळे कायद्याची बाजू कच्ची पडणार नाही. इंग्लंडात सॉलिसिटरांच्या शिस्तीच्या न्यायाधिकरणात बरीच वर्षं दोन सॉलिसिटर आणि एक सामान्य नागरिक असे तिघे बसत आले. तिथली वकिली त्याने कोसळली नाही.

दुसरं, मुदत. तक्रार एका वर्षात निकाली काढा, नाहीतर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाईल, असं कलम ३६ब सांगतं. प्रत्यक्षात तिथेही ढीग साचतो, म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा कान उपटावे लागले. अनुभवी वकील आणि निवृत्त न्यायिक अधिकारी यांच्याकडून प्राथमिक चौकशी करून घ्या, असं न्यायालयाने सुचवलं. ते प्रत्येक राज्यात व्हावं.

तिसरं, निकाल छापा. ताकीद, निलंबन, सनद रद्द, यांतली कुठलीही शिक्षा झाली की कारणांसह आदेश मराठीतून सर्वांना वाचता यावा. तक्रार फेटाळली गेली तर वकिलाचं नाव झाकून, पण कारणं तरीही द्यावीत. खोट्या तक्रारी होतात, समोरच्या बाजूच्या वकिलाला छळायला होतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. कारणं छापल्याने त्या प्रामाणिक वकिलाचंच रक्षण होईल.

तुम्ही म्हणाल, बाहेरचा माणूस आला की स्वातंत्र्य गेलं. डॉक्टरांकडे बघा. त्यांची निवडून आलेली मेडिकल कौन्सिल होती. कारभारावरचा लोकांचा विश्वास उडाला, आणि २०१९ च्या कायद्याने तिच्या जागी सरकारने नेमलेला आयोग आला. आपल्याकडेही इशारे येताहेत. नोंदणीची फी कायद्यात ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. तरी राज्यांच्या कौन्सिलं नव्या मुलांकडून हजारो रुपये घेत होत्या, आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं. स्वतःच्या दारात आलेल्या गरीब पोरांशी आपण असं वागलो, तर अशिलाने आपल्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?

वेळ संपला. दुरुस्ती एका वाक्याची आहे, ती मी लिहूनच आणली आहे: समितीचा तिसरा सभासद वकील नसलेला असेल आणि त्याची नेमणूक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती करतील. प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. बार असोसिएशनच्या पुढच्या सभेत हा ठराव मांडायला मला एक सूचक आणि एक अनुमोदक हवा आहे, आणि दोघेही पुढच्या रांगांतले तरुण असावेत, असं मला मनापासून वाटतं.