कार्लचा झाला क्रूल

जर्मनीच्या पश्चिम टोकाचं हे आखेन शहर. २८ जानेवारी ८१४ रोजी फ्रँकांचा सम्राट कार्ल इथेच वारला आणि इथल्याच चर्चमध्ये त्याला पुरलं. फ्रेंच त्याला शार्लमेन म्हणतात.

आता नकाशावर पूर्वेकडे या. एल्ब नदीपलीकडे स्लाव्ह टोळ्यांची वस्ती होती. ७८९ साली कार्ल फौज घेऊन नदी ओलांडून त्यांच्या मुलखात शिरला. टोळ्यांना आपापले सरदार होते, पण कार्लचा दरारा काही औरच. त्याचं नावच पुढे ‘राजा’ या अर्थानं रुळलं, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

आजच्या स्लाव्ह भाषांतला ‘राजा’ नीट कान देऊन ऐका. पोलिश : क्रूल. चेक : क्राल. सर्बियन : क्राल्य. रशियन : करोल.

मूळ नावात आधी स्वर, मग ‘र’ आणि त्याला चिकटून ‘ल’. अशी जोडणी स्लाव्ह बोलींतून तेव्हा मोडत चालली होती. पश्चिमेला आणि दक्षिणेला ‘र’ सरकून स्वराच्या आधी आला. पूर्वेला ‘र’च्या दोन्ही अंगांना स्वर आले. पण हे घडलं केव्हा? स्लाव्ह भाषांसाठी लिपी तयार झाली ती ८६३ च्या सुमारास, त्याआधीचं लिहिलेलं काही सापडत नाही. इथे कार्ल मदतीला येतो. तो गादीवर बसला ७६८ साली, त्याआधी त्याचं नाव कोण कशाला उचलणार? म्हणजे हा बदल त्यानंतरही चालूच होता. एका उसन्या शब्दानं अख्ख्या भाषाकुलाला तारीख लावून द्यावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रशियात करोल म्हणजे पश्चिमेकडचे राजे. घरचा राजा आधी क्न्याझ, पुढे त्सार, आणि हा त्सारही रोमच्या सीझरच्या नावातून आलेला. बुद्धिबळातला राजा मात्र करोलच. हंगेरियन ही स्लाव्ह भाषा नाही, तरी तिनं शेजाऱ्यांकडून ‘किराय’ घेतला.

आणि ससा! लॅटिन ‘कुनिकुलुस’ जर्मन बोलींत बदलत बदलत ‘क्युनिग’च्या, म्हणजे राजाच्या, जवळ आला. शेजारच्या पोलिश आणि चेक लोकांना त्यात ‘छोटा राजा’ ऐकू आला, आणि त्यांनी तो आपल्या भाषेत तसाच उतरवला : क्रूलिक, क्रालीक. पोलिशमधून तो रशियनमध्ये गेला, क्रोलिक होऊन. हा झाला बिळात राहणारा, पाळला जाणारा ससा. माळावर धावणाऱ्या मोठ्या सशाला त्यांचा जुना शब्द होताच. तो आजही चालतो : पोलिशमध्ये झायोंत्स, रशियनमध्ये झायत्स.