दारात जाऊन दिलेली हाक

श्रोतेहो, नमस्कार.

इर्जिक हा शब्द तुमच्या घरात शेवटचा कधी ऐकलात? कुणाची पेरणी मागं पडली, बैल बसला, की तो गडी आदल्या संध्याकाळी घरोघर फिरायचा. "उद्या माझी इर्जिक हाय, औत घेऊन या." सकाळी शिवारात औतंच औतं! मजुरी नाही, दिवस मावळल्यावर पोटभर जेवण.

आता औतं गेली, तरणी पोरं पुण्या-मुंबईला गेली. गावात फुकट कुणी हात लावत नाही, असं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. गावानं श्रमदान करून पावसाचं पाणी अडवायचं, अशी पाणी फाउंडेशन या संस्थेची वॉटर कप स्पर्धा 2016 साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या 3 तालुक्यांत सुरू झाली. 2018 साली तालुके 75 झाले. तेही एप्रिल-मेच्या उन्हात, 45 दिवस माळावर पाणी मुरवायचे चर खोदायला!

आमच्या गावातलं सांगतो. आम्ही आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निरोप टाकला. अंगठे ढिगानं आले, पहाटे माळावर माणसं सात. मग बचत गटाच्या बायका दिवेलागणीला दारोदार निघाल्या. "श्रमदानाला या" असं त्या म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, "काकी, उद्या सहाला या, ए-फ्रेम धरायचीय. आठला मोकळ्या."

ए-फ्रेम म्हणजे तीन काठ्या, एक दोरी, दोरीला दगड. दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं फक्की टाकायची, त्या रेषेवर चर. घमेलं न उचलवणाऱ्या एका आजींना फक्की टाकायचं काम दिलं. दुसऱ्या दिवशी बोलवायला गेलो, तर आजी बादली घेऊन ओट्यावर तयार!

एक गोष्ट मात्र मनाला लागली. भूमिहीन घरातला एक जण म्हणाला, "पाणी तुमच्या विहिरीला येणार, रोज माझा बुडणार." खरंच होतं ते. आम्ही काम सकाळी आठच्या आत संपवायला लागलो आणि त्याच्या वस्तीच्या हातपंपावरच्या उताराचे चर आधी घेतले. मग तोही आला, बायकोला घेऊन आला.

तुमच्या गावातही अशी घरं असतील, जिथं अजून कुणी विचारायलाच गेलेलं नाही. आज दिवेलागणीला त्यांच्या दारात जा. काम कोणतं, किती वाजेपर्यंत, तेवढं नीट सांगा.

नमस्कार.